आमारोने आणि तांबडा रस्सा

"काकू, समोरच्या बंगल्यातलं कळलं का? जावयानं इटलीहून आणलेली वाइनची बाटली काल फोडली म्हणे. तीही तांबड्या रश्शाबरोबर!"

"अगं बाई! कुठली?"

"आमारोने का काहीतरी. सगळ्यांच्या तोंडाची नुसती आग. शेवटी एकेकाला ताक पाजलं."

"होणारच. पंधरा-सोळा टक्के अल्कोहोल असतं तिच्यात, तिखट आणखी चढतं. लेकीकडे वेरोनाला राहून आल्यापासून मला यातलं जरा कळतं. हसू नकोस, घोटभरच चाखते मी."

"मी कुठं हसले? सांगा की, असतं काय एवढं त्यात?"

"वेरोनाच्या वरच्या अंगाला वाल्पोलिचेल्ला म्हणून डोंगरउताराचा भाग आहे. तिथल्या द्राक्षांची मिसळ असते ती. मुख्य कोर्विना, चेरीसारखा स्वाद तिचा. जोडीला कोर्विनोने, जिला कितीतरी वर्षं कोर्विनाचाच प्रकार समजत होते. आणि थोडी रोंदिनेल्ला, ती रोगाला सहसा दाद देत नाही. पण खरी गंमत पुढं आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात घड तोडतात, ते लगेच चिरडत नाहीत. माळ्यावर बांबूच्या ताटव्यांवर पसरून ठेवतात, थेट डिसेंबर-जानेवारीपर्यंत."

"म्हणजे बेदाणाच की ओ!"

"बोलली तासगावची माहेरवाशीण! पण पुरता बेदाणा होऊ देत नाहीत. वजन तिसऱ्या हिश्श्यानं घटलं, की काढतात."

"आमच्या भावाच्या शेडवर पंधरवड्यात माल तयार होतो. डिपिंग ऑइलमध्ये बुडवला, जाळीवर टाकला. यांना तीन महिने कशाला लागतात?"

"लवकर वाळायला काही लावतच नाहीत ना. थंडीतल्या वाऱ्यावर सगळा कारभार. दमट हवा झाली की बुरशीचा धसका. म्हणून मोकळे घडच निवडतात, मणी एकमेकांना चिकटलेले नकोत. आता पंखे लावतात म्हणा. पूर्वी त्याच ताटव्यांवर रेशमाचे किडेही पाळायचे."

"मग गोडमिट्ट होत असेल."

"आधी गोडच करायचे. रेचोतो म्हणतात तिला. साखर शिल्लक असतानाच आंबणं थांबवायचं. नेग्रारच्या सहकारी तळघरात १९३६ साली एक पिंप म्हणे विसरूनच गेलं, सगळी साखर आंबून संपली आणि कडवट, कोरडी आमारोने निघाली. गोष्ट रंगवलेली असणार. बाटली विकायला बरी पडते."

"आणि चोथा? टाकून देतात?"

"छे! त्याच चोथ्यावर तिथलीच साधी वाइन, वाल्पोलिचेल्ला, ओततात, ती पुन्हा आंबते, अंगानं भरते. ती रिपास्सो."

"म्हणजे पुरणाच्या डाळीचं पाणी काढून कटाची आमटी!"

"अगदी तीच काटकसर. पण मला विचारशील तर रोजच्या जेवणाला न वाळवलेल्या द्राक्षांची साधी वाल्पोलिचेल्लाच बरी. हलकी, जराशी गार करून. टोमॅटोचा पास्ता, पिझ्झा, सलामी, कशालाही चालते. आमारोनेला जड जेवण लागतं. तिकडे मांस तासन् तास तिच्यातच शिजवतात आणि मक्याच्या घट्ट पोलेंताबरोबर खातात. घोड्याचंसुद्धा!"

"ई! काय सांगता?"

"पास्तिस्सादा म्हणतात. मी नाही हात लावला. मी आपला रिसोत्तो खाल्ला. वेरोनाच्या खालच्या सखल भागात विआलोने नानो तांदूळ पिकतो, तो आमारोनेत शिजवायचा, वर मोंते वेरोनेसे चीज. भात चक्क जांभळा! बघून भूक मरते, खाल्ल्यावर ताट पुसून घ्यावंसं वाटतं. पण आमारोनेची खरी वेळ जेवणानंतरची. मुरलेल्या चीजचा तुकडा, लहान लहान घोट आणि अशाच गप्पा."

"आमच्या तासगावच्या द्राक्षांची होईल का ओ अशी?"

"ती थॉमसन, हिरवी. लाल वाइनला रंग सालीतून येतो, तो हिच्यात कुठला? वाइनची द्राक्षं वेगळी लावावी लागतात. अकलूजला फ्रातेल्ली वायनरीवाल्यांनी इटलीची सांजोवेझे लावलीच आहे की."

"मग भावाला सांगते, अर्धा एकर लावून बघ म्हणून."

"सांग. पण आपल्या मार्चच्या उन्हात तीन महिने कुठले, दगड होतील मण्यांचे. आणि शेडवाल्याला आधी विचार, ऐन हंगामात इतके दिवस जागा अडवू देतो का ते."