भव्यभाऊ

क्रांती चौकात काहीही व्हायचं असलं तरी ते आधी भव्यभाऊंच्या वहीत ‘भव्य’ व्हावं लागतं. भाऊ पुढारी नाहीत, पत्रकार नाहीत, मंडपवालेही नाहीत. पण पुढाऱ्याच्या फ्लेक्सचा मजकूर तेच लिहितात, रिक्षाच्या भोंग्यातून तेच ओरडतात आणि कार्यक्रमाच्या दिवशी माइकही त्यांच्याच हातात असतो. खरं नाव काही का असेना, चौक त्यांना भव्यभाऊ म्हणतो. असा एक इसम तुमच्याही गावात असणारच. आमचा मराठवाड्याच्या राजधानीतला, म्हणून आवाज चार पट्ट्या वर, एवढंच.

विशेषणांच्या बाबतीत भाऊ सोवळं पाळतात. मोर्चा विराट, कुस्त्या जंगी, लग्न शाही, गर्दी अलोट किंवा तोबा. नुसती ‘जाहीर सभा’ म्हणजे माणसं जमणार नाहीत याची कबुली, म्हणून ती ‘भव्य जाहीर सभा’. उपोषण आमरण; तिसऱ्या दिवशी मोसंबीच्या रसावर सुटलं तरी आमरणच. फ्लेक्सच्या दुकानातल्या पोराने एकदा ‘भव्य कुस्त्या’ टाइप केलं, तर भाऊ भडकले. “भव्य मंदिर असतं रे. कुस्त्यांना जंगी टाक!”

मराठीत टोलेजंग, अवाढव्य, अजस्र, अगडबंब असे एकाहून एक तगडे शब्द पडून आहेत, ते का वापरत नाही, असं मी त्यांना विचारलं. “अगडबंब लिहिलं की लोक आधी उमेदवाराचा फोटो बघतात,” ते म्हणाले. आणि ‘अजस्र’ लिहिताना ‘त’ घालायचा की नाही, यावर शहरातल्या फ्लेक्सवाल्यांचं अजून एकमत व्हायचंय.

अडचण एवढीच, की वापरून वापरून शब्द गुळगुळीत होतात. एकेकाळी ‘भव्य’ पुरायचं. मग पलीकडच्या गटानेही भव्य लावलं, तेव्हा भाऊंनी भव्यदिव्य काढलं. त्यांनी विराट केलं, यांनी अतिविराट. आता कशालाही ‘महा’ लागल्याशिवाय मंडपाची दोरी बांधली जात नाही. गेल्या महाआरोग्य शिबिरात रक्तदाब मोजायचं यंत्र एकच होतं, आणि ते उद्घाटकाचाच रक्तदाब मोजण्यात बराच वेळ गुंतलेलं होतं. ‘न भूतो न भविष्यति’ असा एक सोहळा तर भाऊ दरवर्षी त्याच तारखेला, त्याच मैदानावर घेतात.

घरीही जिभेची ही सवय सुटत नाही. आमच्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. मधे बरेच दिवस कोरडे जातात. पाणी आलं की भाऊ गॅलरीतून ‘जलधारांचं जल्लोषात आगमन’ जाहीर करतात. वहिनी “बरं” म्हणतात आणि पिंप लावतात. संसार त्या ‘बरं’वर चाललाय.

१८ फेब्रुवारी २०२२च्या रात्री, शिवजयंतीच्या पूर्वसंध्येला, चौकात शिवाजी महाराजांच्या नव्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं, तेव्हा मात्र भाऊंची पंचाईत झाली. उड्डाणपूल झाल्यापासून जुना पुतळा खाली गेल्यासारखा वाटायचा, म्हणून हा चौथऱ्यासकट तब्बल ५२ फुटांचा केला. खरोखर विशेषणं लावावीत असं काहीतरी पहिल्यांदाच समोर उभं होतं आणि भाऊंची वही रिकामी! ‘युगपुरुष’ आणि ‘महापराक्रमी’ ही दोन्ही विशेषणं त्यांनी गल्लीतल्या एका होतकरू नेत्याच्या तिसाव्या वाढदिवसाला देऊन टाकली होती. तेच शब्द महाराजांना लावायला त्यांचं मन धजेना. शेवटी ते आकड्यावर आले. “बावन्न दरवाजांच्या शहरात बावन्न फूट!” एवढंच ते सांगत राहिले. उभे दरवाजे मोजायला बसलात तर बावन्न भरत नाहीत, पण पुतळ्याचे फूट भरतात.

त्यांचा भोंगा दिवसभर बंद राहिल्याचं मी एकदाच पाहिलं आहे, ९ ऑगस्ट २०१६ला. कोपर्डीतल्या मुलीवरच्या अत्याचारानंतरचा मराठा समाजाचा पहिला मूक मोर्चा याच चौकातून विभागीय आयुक्तालयाकडे निघाला. घोषणा नाहीत, भाषण नाही, पुढे मुली आणि मागे नजर पोचेल तिथवर माणसं. भाऊ सवयीने भोंग्याची बॅटरी भरून आले होते. एका स्वयंसेवक पोरीने नुसतं ओठांवर बोट ठेवलं, आणि भाऊ फुटपाथवर गप्प उभे राहिले. पुढे राज्यभर असे पन्नासाहून जास्त मोर्चे निघाले, आणि त्यांना विराट, अतिविराट, महाविराट सगळं म्हणून झालं. भाऊंच्या वहीत त्या तारखेपुढे एकच शब्द आहे, ‘मोर्चा’. त्यांनी लिहिलेल्या सगळ्या मजकुरात मला तेवढाच पटलेला आहे.

पण पोट कुणाला चुकलंय? दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा पुन्हा चौकात, आणि एका मोबाइलच्या दुकानाचा ‘ऐतिहासिक शुभारंभ’ सुरू.

तेव्हा वाचकहो, घरी सत्यनारायण असेल आणि पंधराच माणसं बोलवायची असतील, तर निमंत्रणाचा मजकूर स्वतःच लिहा. भाऊंकडे दिलात तर ते ‘भव्य महाप्रसाद’ छापणार, आणि तो फ्लेक्स वाचून अख्खा क्रांती चौक जेवायला येणार. तेवढा शिरा आधीच करून ठेवा.