ओळ न् ओळ हाताने लिहिणाऱ्या वेबसाइट-शिल्पकारास

मा. शिल्पकार महोदय,


आमच्या आतेभावाच्या कोकम-आंबापोळीच्या धंद्याचं ऑनलाइन दुकान आपण 'शून्यापासून, ओळ न् ओळ स्वतः लिहून' उभं केलंत, असं आपल्या बिलात वाचलं. आकडा बघता ओळी बऱ्याच असणार. त्या डोळे भरून पाहाव्यात म्हणून पानाचा कोड उघडणारं कंट्रोल आणि यू दाबलं नि थक्क झालो.

योगायोग तरी किती! पानाच्या कोडमध्ये 'सीडीएन डॉट शॉपिफाय'. प्रत्येक विभागाच्या पत्त्यात 'कलेक्शन्स', प्रत्येक वस्तूच्या पत्त्यात 'प्रॉडक्ट्स'. 2006 साली सुरू झालेल्या ओटावाच्या शॉपिफाय कंपनीच्या तयार दुकानांतही नेमकं हेच असतं. तिचे संस्थापक आधी स्नोबोर्ड विकत होते. मनाजोगं सॉफ्टवेअर मिळेना म्हणून स्वतःच लिहायला बसले. बिचाऱ्यांना आपला पत्ता ठाऊक नव्हता.

सर्च इंजिनांसाठी असते ती 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' फाइल उघडली, तर पहिल्याच ओळीत 'आमचं दुकान शॉपिफायवर आहे' अशा अर्थाची इंग्रजी टीप. पानाच्या तळाचं 'पॉवर्ड बाय' आपण आठवणीने पुसलंत, ही टीप तेवढी राहिली. विनय म्हणायचा!

पत्त्यात 'डब्ल्यूपी-कंटेंट' नि पुढे 'वूकॉमर्स' दिसलं असतं, तर आपली प्रतिभा वर्डप्रेसच्या वळणाने गेली असं मानलं असतं. 'इंडेक्स डॉट पीएचपी'पुढे 'राउट' आलं असतं, तर ओपनकार्टच्या. वॅपलायझरसारखं ब्राउझरचं फुकटचं एक्स्टेंशनही दुकान कशावर उभं आहे हे एका क्लिकवर सांगतं. दर्शनी भाग वेगळा लिहून व्यवहार तेवढा मागच्या यंत्रणेवर सोपवला, तर या खुणा बऱ्याच झाकल्या जातात म्हणे. पण त्यासाठी ओळी खरंच लिहाव्या लागतात, तेव्हा तो विषय सोडू.

मग दुकानाच्या पत्त्यापुढे 'प्रॉडक्ट्स डॉट जेसॉन' टाकलं. अख्खा माल किमतींसकट पुढ्यात! आंबापोळीची काट मारलेली 'मूळ किंमत' 480 रुपये. तो नुसता एक रकाना, भरणाऱ्याच्या मर्जीचा. आतेभावाने जन्मात 320च्या वर पोळी विकलेली नाही.

शॉपिफायवर दुकान मांडण्यात कमीपणा मुळीच नाही. जगभर लाखो लोक मांडतात. पण त्याचं भाडं दरमहा भरावं लागतं आणि हे आतेभावाला अजून कोणी सांगितलेलं नाही. तेव्हा मालक म्हणून खातं त्याच्या ई-मेलवर आहे की आपल्या, हे उलट टपाली कळवावं.

आणि हो, मालाच्या त्याच यादीत कोकम आगळाच्या 'व्हेंडर'पुढे एका साडीच्या दुकानाचं नाव आहे. आपले आधीचे गिऱ्हाईक असावेत. त्यांनाही एकदा कळवा, आगळाची चौकशी आली तर गडबडून जातील.

आपला,
बिल जपून ठेवलेला एक वाचक