आले किती, राहिले किती?

फेब्रुवारी २०२१. दिल्लीच्या वेशीवर शेतकरी ठाण मांडून बसले होते आणि काही खाती बंद करण्यावरून केंद्र सरकार व ट्विटर यांच्यात जुंपली होती. त्याच आठवड्यात केंद्रीय मंत्री पीयूष गोयल यांनी जाहीर केलं, की मी आता ‘कू’ या देशी अ‍ॅपवर आलो आहे. जाहीर केलं ते ट्विटरवर. मागोमाग मंत्री आले, मंत्रालयं आली, सरकारी कार्यालयं आली. स्वदेशी पिवळा पक्षी परदेशी निळ्या पक्ष्याला भारी पडणार, अशा चर्चा रंगल्या.

३ जुलै २०२४ रोजी ‘कू’च्या संस्थापकांनी सेवा बंद करत असल्याचं सांगितलं. मधल्या साडेतीन वर्षांत काय घडलं ते नीट पाहायला हवं. नाहीतर पुढची लाट आली की आपण पुन्हा तशाच टाळ्या पिटणार.

अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी बंगळुरूत २०२० साली ‘कू’ सुरू केलं. कल्पना चांगलीच होती. आधी कन्नड, मग हिंदी, मराठी, तमिळ, तेलुगू. ज्यांना इंग्रजीत लिहायचं नाही त्यांनी आपल्या भाषेत ४०० अक्षरांत मत मांडावं. केंद्राच्या आत्मनिर्भर अ‍ॅप स्पर्धेत बक्षीस मिळालं, मे २०२१ मध्ये टायगर ग्लोबलच्या पुढाकाराने ३ कोटी डॉलर आले. जून २०२१ मध्ये नायजेरियाने ट्विटरवर बंदी घातली आणि तिथलं सरकार ‘कू’वर आलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्राझीलमध्ये दोन दिवसांत दहा लाखांवर डाउनलोड झाले. प्रत्येक वेळी मथळे आले, प्रत्येक वेळी आकडा फुगला.

पण लोक आले ते कशामुळे? दिल्लीत सरकारच्या रागामुळे, नायजेरियात बंदीमुळे, ब्राझीलमध्ये ट्विटरचा मालक बदलल्यामुळे. राग निवळला, नवलाई ओसरली आणि माणसं परत गेली. डाउनलोडचा आकडा ६ कोटींपर्यंत सांगितला जायचा. रोज येणारे मात्र भरभराटीच्या काळातही २१ लाखांच्या आसपास होते. जे मंत्री वाजतगाजत आले त्यांनी ट्विटर एक दिवससुद्धा सोडलं नाही. वाचणारे जिथे आहेत तिथेच लिहिणारा राहतो, हे त्यांनाही ठाऊक होतं. जत्रेला लाख माणूस लोटला म्हणून तिथे गाव वसत नाही.

हे पहिल्यांदा घडलेलं नाही. २००७ साली मुंबईत ‘एसएमएस गपशप’ सुरू झालं. स्मार्टफोन नाही, इंटरनेट नाही, साध्या फोनवर गट करा आणि एका संदेशात सगळ्यांपर्यंत पोचा. त्या काळाच्या भारतासाठी ट्विटरपेक्षा ते जास्त उपयोगी होतं आणि कोट्यवधी लोकांनी ते वापरलं. पण प्रत्येक एसएमएसचे पैसे कंपनीच्या खिशातून मोबाइल कंपन्यांना जायचे. सदस्य वाढले तसा खर्च वाढला, कमाई वाढली नाही. शेवटी कंपनी व्यापारी संदेशांच्या धंद्याकडे वळली. तिथे ती उत्तम चालली, गप्पा मात्र संपल्या.

‘कू’चं दुखणं तेच. सर्व्हर, माणसं, देखरेख यांचा खर्च रोजचा, आणि गुंतवणूकदारांचा पैसा आटलेला. विकत घ्यायला मोठ्या कंपन्या, माध्यमसमूह यांच्याशी बोलणी झाली. लोकांनी लिहिलेल्या मजकुराची जोखीम बहुतेकांना नको होती, असं संस्थापकांनीच लिहून ठेवलं आहे. याउलट जुलै २०२३ मध्ये आलेल्या ‘थ्रेड्स’ने पाच दिवसांत १० कोटी खाती जोडली. काही आठवड्यांत निम्म्याहून अधिक लोक फिरकेनासे झाले, तरी ते तगलं, कारण पाठीशी मेटाची तिजोरी आणि इन्स्टाग्राम होतं. म्हणून अशा सेवेचा गाजावाजा सुरू झाला की पहिला प्रश्न एकच: हिचं रोजचं बिल कोण भरतंय?

मराठीने छोट्या संदेशांच्या या माध्यमात जे कमावलं ते घोषणांमुळे कमावलेलं नाही. एसएमएसच्या काळात रोमन लिपीतल्या एका संदेशात १६० अक्षरं मावायची, देवनागरीत फक्त ७०. ट्विटरवरही काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘स्त्री’ लिहा, सहा अक्षरं खर्ची पडतात. १४० च्या मर्यादेत ही अडचण सोसून लोक मराठीत लिहीत राहिले. २०१६ साली तर त्यांनी ट्विटरवरच संमेलन भरवलं. किल्ले, बोली, जुनी पुस्तकं, शेती, गावाकडचं जेवण यांवर लोक हौसेने, नेमाने लिहीत गेले. कोणी मंत्र्याने फीत कापली नव्हती. ही खरी वस्ती, आणि तिची मला काळजी वाटते.

काळजी अशासाठी, की ही वस्ती दुसऱ्याच्या जागेवर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४,४०० कोटी डॉलरला ट्विटरचा मालक बदलला. पुढच्याच महिन्यात निम्मे कर्मचारी घरी गेले, भारतातले तर बहुतेक. आज मराठी बाईला मराठीत धमकी आली, तर ती वाचून समजणारं माणूस पलीकडे आहे का? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत कोणत्याही नव्या अ‍ॅपला मराठीचं व्यासपीठ म्हणायची घाई करू नये.

तिसरा प्रश्न मजकुराचा आणि वाचकांचा. मी लिहिलेलं आणि माझे वाचक मला दुसरीकडे नेता येतात का? ‘मॅस्टोडॉन’सारख्या सेवा खुल्या नियमांवर चालतात. तिथे एका सर्व्हरवरून दुसरीकडे जाताना आपले वाचक बरोबर नेता येतात. नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झाल्यावर भारतीयांची रीघ तिकडेही लागली आणि तीही ओसरली. पण ती व्यवस्था आजही चालू आहे, कारण ती कुणा एका मालकाच्या मर्जीवर टेकलेली नाही.

तेव्हा महापालिकांनी, विद्यापीठांनी, साहित्य संस्थांनी सूचना आणि मजकूर आधी स्वतःच्या संकेतस्थळावर टाकावा, मग हव्या त्या अ‍ॅपवर. पाणी कधी येणार हे कळायला नागरिकाला कुणा खासगी कंपनीचं खातं उघडावं लागू नये. लिहिणाऱ्यांनी आपल्या मजकुराची प्रत आजच उतरवून घ्यावी. आणि पत्रकारांनी डाउनलोडचा आकडा छापला, तर सहा महिन्यांनी रोज येणाऱ्यांचा आकडाही त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावा.