श्री. मायकोप्लाझ्मा न्यूमोनिए यांस अनावृत पत्र

परमपूज्य मायकोप्लाझ्माराव न्यूमोनिए यांचे सेवेशी, साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

आपली पायधूळ आमच्या मुलांच्या वर्गात झडली, आम्ही कृतार्थ झालो. काय आपली ती सबुरी! शेजारच्या बाकावरच्या खोकल्यातून शिरल्यावर दोन-तीन आठवडे आपण ब्र काढत नाही. तोवर कोणाबरोबर आलात, हे शोधायची सोयच उरत नाही.

इतर न्यूमोनिया एका रात्रीत मुलाला तापाने फणफणवतात, धाप लावतात, आईबाप दवाखान्याकडे धावतात. असा उतावीळपणा आपल्याला शोभत नाही. आधी नुसती कणकण, डोकेदुखी, घशात खवखव. मग कोरडा खोकला, आणि रात्री पाठ टेकली की ढास. पोर मात्र हिंडतेफिरते, शाळेत जाते. आजी म्हणते, हवा बदललीय. आम्हालाही ते पटते. छाती तपासताना कित्येकदा फारसे काही ऐकू येत नाही. अखेर एक्स-रे निघतो आणि त्यातले पांढरे डाग पाहून डॉक्टर पुन्हा एकदा मुलाकडे बघतात. इतके आजारी फुप्फुस इतक्या हसऱ्या मुलात लपवणे आपणच जाणे!

शिवाय आपली राहणी किती साधी! पेशीला भिंतच नाही. अमॉक्सिसिलिन जंतूंना मारते ते हीच भिंत बांधू न देऊन. म्हणजे आमच्या घराघरांत ठेवलेली ती लाडकी बाटली आपल्यापुढे निव्वळ गोड पाणी. 1944 साली संशोधक ईटन यांना सापडूनही आपण बरीच वर्षे विषाणू म्हणून मिरवलात. 1962 साली प्रयोगशाळेत जिवंत पेशींविना वाढलात, तेव्हा कुठे आपले जिवाणूचे खरे कूळ कळले. अझिथ्रोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकचा मान आपण राखता म्हणावे, तर चीन-जपानमध्ये त्यालाही जुमानीनासे झालात.

दम्याच्या लेकरांवर तर आपली विशेष कृपा: त्यांचा दमा बऱ्याचदा उसळवता. छातीत ऐसपैस जागा असताना कधी अंगावर पुरळ उठवता, कधी ओठ-तोंड सोलून काढता, क्वचित मेंदूलाही सूज आणता. एवढी तसदी घेऊ नये, महाराज. ती लहान मुले आहेत हो!

आणि आईबाबांनो, मूल खेळतेय म्हणून आठवडे ओलांडणारा खोकला अंगावर काढू नका. उरलेले अँटिबायोटिक स्वतःहून पाजू नका. धाप लागली, श्वासागणिक बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या किंवा तोंडात फोड आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.