हाफ-हाफ नाना

अमेरिकेतल्या मॉलच्या फूडकोर्टात शनिवारी दुपारी गेलात तर नाना हमखास भेटतात. बँकेतून निवृत्त झालेले, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले, पायांत नवेकोरे पांढरे बूट आणि अंगात मुलाच्या युनिव्हर्सिटीचं जुनं जॅकेट. घरची मंडळी टेबल शोधत असतात, तेव्हा नाना पांडा एक्स्प्रेस या अमेरिकी-चिनी उपाहारगृहाच्या काचेसमोर उभे राहून आतल्या ट्रे न्याहाळत असतात.

जन्मभर मंडईत घासाघीस केलेल्या माणसाला हा देश तसा अळणीच. भाव फलकावर लिहिलेला, त्यावर टॅक्स वेगळा, आणि बोलायची सोय नाही. नानांना बोलायची सोय सापडली ती या काउंटरवर. बाऊल घेतला तर एक बेस आणि एक पदार्थ, प्लेट घेतली तर पदार्थ दोन, त्याहून मोठ्या प्लेटमध्ये तीन. बेस म्हणजे साधा भात, फ्राइड राइस, चाउ मेन नूडल्स नाहीतर भाज्या. यातले दोन बेस निम्मे-निम्मे घेता येतात हे कळल्यापासून नानांनी अख्खा बेस कधी मागितला नाही. वाढणाऱ्याचा हात निम्म्यावर कधीच थांबत नाही, दोन पावलं पुढेच जातो. म्हणजे दोन निम्मे मिळून सव्वा होतात, असा त्यांचा सिद्धान्त. मुलगा डेटा सायंटिस्ट आहे. तो मान खाली घालून फोन बघतो.

मग चव घेणं. काउंटरवरची मुलगी हसून एक तुकडा काडीला टोचून देते. नाना तो डोळे मिटून खातात, ‘हं’ म्हणतात आणि शेजारच्या ट्रेकडे बोट दाखवतात. मागे रांग वाढते. शेवटी ते ऑरेंज चिकनच घेतात. दर वेळी. कोळंबीवर जादा पैसे पडतात, हे त्यांनी पाटीवरच्या बारीक अक्षरात पहिल्याच भेटीत वाचलेलं असतं.

या कंपनीबद्दल मात्र त्यांना मनापासून आदर आहे. अँड्र्यू चर्न्ग यांनी वडिलांबरोबर 1973 मध्ये पासाडेनात ‘पांडा इन’ काढलं, आणि 1983 मध्ये ग्लेनडेलच्या मॉलमध्ये पहिलं पांडा एक्स्प्रेस उघडलं. अँड्र्यू स्वतः गणित शिकलेले. पत्नी पेगी इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमधल्या डॉक्टरेट. “पीएच. डी. झालेली बाई हिशेबाला बसली की डाव चुकत नाही,” हे वाक्य सून दर शनिवारी ऐकते. (ती स्वतः पीएच. डी. आहे; तिच्या हिशेबावर मात्र नानांचा अजून विश्वास बसलेला नाही.)

तक्रार एकच: मंचुरियन नाही. काउंटरवरच्या मुलीला ते ठाऊकच नसतं, आणि असावं तरी का? चिकन मंचुरियन मुंबईचं. नेल्सन वाँग यांनी 1975 मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आलं, लसूण, हिरवी मिरची परतून त्यात सोया सॉस आणि कॉर्नफ्लॉवर घातलं, ही कथा आपल्याकडे सर्वश्रुत आहे. ऑरेंज चिकनही असंच चीनबाहेर जन्मलेलं. शेफ अँडी काओ यांनी ते 1987 मध्ये अमेरिकेतल्या जिभांसाठी बेतलं. तळलेलं कोंबडीचं मांस, चिकट रस, गोडावर आंबट. नाना त्याला ‘मंचुरियनचा गोड चुलतभाऊ’ म्हणतात आणि वर तिखट सॉसच्या पुड्या पिळतात.

पुड्यांचं प्रकरण वेगळंच. सोया सॉस, चिली सॉस, मोहरीचा सॉस, मागितलं की मूठभर मिळतं, आणि नाना मागतात. घरी स्वयंपाकघरातला एक खण त्यांनीच भरला आहे. मार्चमध्ये सुनेने तो रिकामा केला, एप्रिलमध्ये तो पुन्हा बंद होईना.

नानी सोमवारी आणि चतुर्थीला शाकाहारी. त्या दिवशी नाना काउंटरवर तेलापासून कढईपर्यंत उलटतपासणी घेतात. मुलगी प्रामाणिकपणे सांगते की भांडी सगळ्या पदार्थांना एकच. नानी लगेच पर्समधून डबा काढतात. त्यात मेथीचे पराठे आधीपासूनच असतात.

उरलेलं नाना पार्सल करून घेतात. रविवारी सकाळी नानी त्यातला गार भात आणि नूडल्स मोकळ्या करतात, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देतात, वरून दोन हिरव्या मिरच्या. नाना ताट पुढे करून विचारतात, “जरा नूडल्स जास्त मिळतील का?”

“जेवढं वाढलंय तेवढं खा,” नानी म्हणतात, आणि कढई झाकून ठेवतात.