इंजिनिअर आणू नका, ही नम्र विनंती

आमच्या फ्लॅटच्या भावी मालकांस,
स. न. वि. वि.

आपण सहकुटुंब आमचा फ्लॅट पाहून गेलात आणि घरात समाधान पसरलं. आपल्यासोबत आलेल्या वास्तुतज्ज्ञांनी होकायंत्र फिरवून स्वयंपाकघर आग्नेयेलाच असल्याचा निर्वाळा दिला. वहिनींनी तुळशीची जागा ठरवली. आपण भिंतीवरून हात फिरवून ‘रंग छान आहे हो’ म्हणालात. असणारच, मागच्याच महिन्यात दिलाय. मंडईत नारळ कानाशी हलवल्याशिवाय पिशवीत न टाकणारे आपण, पण बाथरूमच्या एकाही टाइलवर टिचकी मारली नाहीत. आभार मानावेत तेवढे थोडेच.

पण काल एजंटकडून कळलं, की टोकन देण्याआधी घर तपासायला इंजिनिअर आणा, असं आपले मेहुणे म्हणताहेत. इतका अविश्वास?

अहो, हे लोक चहाला बसत नाहीत, कपाट सरकवायला सांगतात. आमचं बेडरूममधलं कपाट कित्येक वर्षं एका जागी सुखाने उभं आहे आणि त्यामागे भिंतीला लागलेला लोणाही सुखात आहे. नखाने खरवडलं तर पोपडा हातात येतो, म्हणून आम्ही खरवडत नाही. हे लोक नव्या रंगावर ओल मोजायचं यंत्र टेकवतात. सळईने टाइल वाजवतात, खाली पोकळ असेल तर आवाज लगेच बदलतो. गीझरच्या प्लगला अर्थिंग आहे का, ते बघतात. बाथरूममधलं फॉल्स सीलिंग उघडून बॅटरी मारतात. वरच्यांचं बाथरूम नेमकं तिथेच येतं, आता याला योगायोग म्हणायचं.

शिवाय सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागतात. आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं. आमची इमारत २७ वर्षांची. चिटणीस म्हणतात, ‘पुढच्या मीटिंगला विषय घेऊ.’ इतकी कळकळ असताना अहवाल कशाला हवा?

आणि बँकेने पाहिलंय की! तिचा व्हॅल्युअर येऊन गेला. कर्ज थकलं तर घर विकून किती वसूल होईल, हे पाहणं त्याचं काम. आपलं बाथरूम खालच्यांच्या डोक्यावर गळतं का, हे नव्हे. वकिलांनी सर्च घेतलाय आणि आमची कागदपत्रं अगदी कोरडी ठणठणीत आहेत.

कायद्याचंही दडपण घेऊ नका. रेरा बांधकामातल्या दोषांची जबाबदारी बिल्डरवर टाकतो, पण ताबा दिल्यापासून ५ वर्षं. आमच्या बिल्डरची त्यातून केव्हाच सुटका झाली. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आम्हाला ठाऊक असलेले दोष सांगायला लावतो खरा, पण खरेदीदाराला सर्वसाधारण काळजी घेऊनही दिसले नसते, असेच. कपाट तर आपणही सरकवू शकला असता, नाही का?

मुद्रांक शुल्काचे लाखो, नोंदणीचे ३० हजार, एजंटची दलाली, हे सगळं आपण हसतमुखाने देणार आहात. मग त्यात या इंजिनिअरच्या काही हजारांची भर कशाला? तो आपल्या हातात फोटोंसकट अहवाल ठेवणार आणि आपण म्हणणार, ‘वॉटरप्रूफिंग आणि वायरिंगचा खर्च भावातून वजा करा.’ म्हणजे पैसे आपण खर्चायचे आणि कात्री आमच्या खिशाला. आणायचाच असेल तर निदान पावसाळ्यात आणू नका, एवढी माणुसकी दाखवा.

आपला,
एक पारदर्शक विक्रेता

ता. क. शनिवारी टोकन द्यायला येऊ नये. आम्ही घेत असलेला नवा फ्लॅट पाहायला त्या दिवशी आमचा इंजिनिअर यायचा आहे.