विषय निघालाच आहे म्हणून...

तात्या तुमच्याही इमारतीत असणारच. नसतील, तर इमारत रीडेव्हलपमेंटला गेली म्हणून तूर्त दुसरीकडे भाड्याने राहत असतील. परत येतील, काळजी नसावी.

आमच्या तात्यांचं प्रत्येक वाक्य 'विषय निघालाच आहे म्हणून विचारतो' इथून सुरू होतं. विषय निघालेला नसतो. विषय निघू नये म्हणून माणसं जिवाचं रान करत असतात. परवाच लिफ्टमध्ये आम्ही चौघं वरच्या पंख्याकडे बघत गुपचूप उभे होतो. गच्चीवरची टाकी बघायला निघालेले तात्या दुसऱ्या मजल्यावर आत शिरले, दार लागलं आणि ते पाचव्या मजल्यावरच्या वहिनींना म्हणाले, "विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, जावईबापूंची दारू सुटली का?" आमची लिफ्ट इतकी सावकाश चालते हे सोसायटीच्या सभेत कित्येकदा सांगून झालं होतं. पटलं त्या दिवशी.

त्यांच्याकडे वाईटपणा नाही, हीच खरी पंचाईत. टोमणा मारणाऱ्याला उलटा टोमणा मारता येतो. तात्यांना मात्र खरोखरच माहिती हवी असते. पगार, पेन्शन, घटस्फोट, मूळव्याध, पोराची एटीकेटी, सगळ्याची चौकशी एकाच आपुलकीने. वर तुमचं उत्तर पुढच्या वर्षीपर्यंत ध्यानात ठेवतात. "मागे तुम्ही वेगळा आकडा सांगितला होतात."

पहिल्या मजल्यावरचं बारसं तर विसरणं शक्य नाही. पाळणा फुलांनी सजलेला, आत्याबाई बाळाच्या कानात कुर्र करून पाठीवर धपाटे खाऊन मोकळ्या झालेल्या, घुगऱ्या वाटल्या जात होत्या. तात्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून स्वतःच्या हाताकडे बघत होते. त्यांचा अंगठा करंगळीच्या पेरांवरून चालू लागला. जून, जुलै, ऑगस्ट. मग अनामिका. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. मेमधल्या त्या लग्नात आम्ही सगळेच जेवलो होतो, त्यामुळे अंगठा कुठे थांबणार हे आम्हाला ठाऊक होतं. मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर तो थांबला. तात्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. नोकरीतली सवय, बेरीज दोनदा करायची. मग चेहरा काळजीने भरून ते म्हणाले, "विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, सातव्या महिन्यातलं मूल म्हणजे पेटीत ठेवावं लागलं असेल, नाही? पण वजन मात्र छान धरलंय हो!"

बाळाची आजी म्हणाली, "तात्या, घुगऱ्या घ्या ना आणखी."

आता खरं सांगायचं तर हा हिशेब इमारतीतल्या प्रत्येक घराने डिसेंबरातच करून ठेवला होता. फक्त दार लावून. तात्यांचा गुन्हा एवढाच, की त्यांनी तो पाळण्याशेजारी केला.

तीच गत जातीची. नवीन भाडेकरू आला की आम्ही सुसंस्कृत लोक त्याला चहाला बोलावतो. "मूळचे कुठले आपण?" "कुलदैवत कोणतं हो तुमचं?" "गौरी उभ्याच्या की खड्यांच्या?" अशी तीन-चार गोड वळणं घेत चहा संपायच्या आत मुक्कामाला पोहोचतो आणि त्याला पत्ताही लागू देत नाही, निदान तशी आमची समजूत असते. तात्या पहिल्या घोटालाच विचारतात, "विषय निघालाच आहे म्हणून, कोण तुम्ही?" त्या मुलाने सांगितलं. तात्या "बरं" म्हणाले आणि लगेच त्याच्या भाडेकराराकडे वळले, नोंदवलाय की नुसताच स्टँपपेपरवर आहे. आमच्यातल्या काहींचा चहा मात्र त्यानंतर बराच वेळ संपत नव्हता.

तात्यांची नोकरी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेली. खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र हे सगळं त्यांच्या टेबलावरून सरकलेलं. माणसं एरवी प्राण गेला तरी उघड करणार नाहीत अशा गोष्टी तिथे दोन साक्षीदारांसमोर पानापानावर सही करून देतात. उभी हयात अशा खिडकीच्या आत काढलेल्या माणसाला बाहेरचं जग जरा जास्तच झाकपाक केलेलं वाटत असणार.

तळमजल्यावरचे आजोबा गेले, तेव्हा दहाव्याला आम्ही ओंकारेश्वराच्या घाटावर गेलो होतो. पिंड मांडले, पण कावळा शिवेना. समोरच्या फांदीवर बसून नुसता मान वाकडी करत होता. थोरल्याने हात जोडून सांगितलं, "आईला अंतर देणार नाही." धाकट्याने सांगितलं, "श्राद्ध चुकवणार नाही." कावळा ढिम्म. भटजी दर्भाचा कावळा करायच्या बेतात होते. एवढ्यात मागून आवाज आला, "विषय निघालाच आहे म्हणून विचारतो, लॉकरची दुसरी चावी सध्या कुणाकडे आहे?" आणि कावळा उतरला. योगायोगच. पण धाकट्याने थोरल्याकडे टाकलेली नजर योगायोगाची नव्हती.

तेराव्याचं जेवण त्याच घरात झालं. पंगत उठली, पानं वाटली गेली आणि थोरल्याने एक प्लास्टिकची फाइल सांगलीहून आलेल्या बहिणीपुढे ठेवली. "ताई, दोन सह्या लागतील. नुसती फॉर्मॅलिटी. सोमवारी रजिस्ट्रेशनला तासाभराचं काम. तू आहेसच, तर उरकून टाकू." धाकट्याने पेनाचं टोपण काढून दिलं. ताईंनी पेन घेतलं. आम्ही दहा-बाराजण होतो त्या खोलीत. काय चाललंय ते सगळ्यांना कळत होतं. कुणी बडीशेप निवडत होतं, कुणी आजोबांच्या तसबिरीचा हार सारखा करत होतं. दुसऱ्याच्या घरचा मामला.

"विषय निघालाच आहे म्हणून सांगतो," तात्या म्हणाले, आणि माझ्या आठवणीत प्रथमच विषय खरोखर निघालेला होता. "ताई, हे हक्कसोडपत्र आहे. बाबांनी मृत्युपत्र केलेलं नाही ना? मग हा फ्लॅट त्यांच्या कमाईचा, त्यात 1956 पासून मुलीला मुलाइतकाच वाटा आहे. गावची जमीन वडिलोपार्जित. महाराष्ट्राने 1994 साली कायदा केला, त्यात आधी लग्न झालेल्या मुली बाहेर होत्या. 2005 नंतर तसं राहिलं नाही. 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगून टाकलंय, मुलीचा हक्क जन्मापासूनचा. सही करा, नका करू, तुमची मर्जी. पण वाचून करा. एकदा नोंदलं गेलं, की फिरवायला कोर्टाची पायरी चढावी लागते."

ताईंनी पेनाला टोपण लावलं. "घरी नेऊन वाचते," म्हणाल्या, आणि फाइल पिशवीत टाकली.

नंतर जिन्यात तात्या मला म्हणाले, "आमच्याकडे रोज यायच्या हो अशा बहिणी. भावाच्या गाडीतून यायच्या, नवी साडी नेसून. साहेब विचारायचे, दस्त कबूल आहे का? त्या मान हलवायच्या. हिस्सा मागितला तर माहेर तुटतं, हे त्यांनाही ठाऊक असायचं. मी म्हणायचो, अंगठा इथे लावा, आता कॅमेऱ्यात बघा. यापलीकडे एक शब्द बोलायची मुभा नव्हती मला." एवढं बोलून ते थांबले, आणि तुझ्या आईची सही अशीच घेतली होती का तुझ्या मामांनी, असं विचारून मला गार केलं.

इमारतीचा निकाल त्याच रात्री लागला. तेराव्याच्या दिवशी असलं बोलायचं असतं का? काही पोच? तेराव्याच्या दिवशी ती फाइल कुणी काढली, हा मुद्दा चर्चेला आला नाही. ते दोघे भाऊ तात्यांशी बोलत नाहीत. तात्या त्यांच्याशी बोलतात, आणि ताईंची खुशालीही विचारतात.

पुढे त्या कागदावर सही झाली की नाही, मला माहीत नाही. आमच्यात असलं विचारायची पद्धत नाही. तुम्हाला जाणून घ्यायचंच असेल, तर तात्यांकडे जा. दुसरा मजला, लिफ्टला लागूनच. जाताना पगाराचा खरा आकडा आणि लग्नाची तारीख तेवढी नीट आठवून जा.